हवा धरलीय

भुसावळ, मे महिना. सकाळी सातलाच
तलावाकाठची फरशी तळव्यांना चावते.
पंप चालू आहे, पाणी फिरत नाही.
गाळणीच्या काचेच्या झाकणाखाली
अर्धं पाणी, अर्धं काहीच नाही,
आणि ते काहीच नाही गरगर फिरतंय.

मी इथे नवा. तीन दिवस गळती शोधली,
पाइपाखालची माती चिमटीत धरून पाहिली.
कोरडी. प्रत्येक सांध्याखाली ठणठणीत कोरडी.

मग सुपडूआप्पांना बोलावलं. कॅरेज डेपोतून निवृत्त,
बत्तीस वर्षं व्हॅक्यूम ब्रेकच्या नळ्यांना कान लावलेला माणूस.
आल्या आल्या हसले :
"वली जागा काय धुंडस, भो?
हाई गळती भाहेर थुकत नही,
हाई मझार पेस."

एवढ्याशा भोकापायी, म्हणाले,
आख्खी मालगाडी वरणगावच्या अलीकडे
उभी राहायची रात्रभर. गार्ड टॉर्च घेऊन चालायचा,
आणि दिसायचं काहीच नाही.

वाटीत साबण, हातात दाढीचा जुना ब्रश.
एकेका सांध्यावर फेस ठेवत गेले,
गिऱ्हाइकाच्या गालाला लावावा तसा.
व्हॉल्व्हच्या मानेवर फेस तसाच राहिला.
पंपाच्या तोंडाशी, तसाच.
मध्येच विचारलं, घरी सगळं बरं ना?
बरं, म्हटलं मी.
त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

झाकणाच्या कडेला फेस थरथरला,
त्यात एक खळी पडली
आणि तो आत गेला. आवाज नाही.

रबराची रिंग. केसाएवढी चीर.
जामनेर रोडवरून नवी आणली, पासष्ट रुपये,
पावती खिशात विरघळली घामानं.

पंप बंद. बादलीनं गाळणी काठोकाठ भरली,
झाकण आवळलं, पंप सुरू,
फिल्टरच्या डोक्यावरची चावी आप्पांनी अर्धा आटा सोडली.
सूं...
किती वेळ ती जात राहिली!
आप्पा चावीवर बोट ठेवून उभे,
आजाऱ्याच्या मनगटावर ठेवावं तसं.
मग एक थुंकी, दुसरी थुंकी,
आणि बारीक धार थेट चष्म्यावर.
त्यांनी पुसला नाही.
काटा शून्यावरून हलला.

पलीकडच्या भिंतीतल्या तोंडांतून
पांढरे बुडबुडे भकाभका आले,
काठावर पाय सोडून बसलेला वॉचमनचा पोरगा
ओरडला, तलाव ढेकर देतोय!

आप्पा सायकल काढताना म्हणाले,
उद्या पुन्हा बघ.
थोडी राहतेच.