आकडे रंगवायला माणूस आलाय

मार्चमधली सकाळ. नदी इतकी उतरलीय
की पुलाच्या खांबाचे शेवाळलेले पाय उघडे पडलेत
आणि इलाही पेंढारी, कमरेचा दोर शिडीला बांधून,
पुरानं पुसट केलेले आकडे
पुन्हा काळे करतोय.
खाली भाचा डबा धरून उभा. डब्यात ऊन हलतंय.

वर कठड्याला माणसं टेकलेली.
निम्मी मगर बघायला थांबलेली
(ती पलीकडच्या वाळूवर तोंड उघडं टाकून पडलीय,
तिला कसली घाई नाही),
उरलेली माझ्यासारखी,
हातात लाईटबिल, चपलेला यार्डातली हळद,
आपापला आकडा शोधत.

कारण सांगलीत पत्ता दोनदा सांगतात,
पोस्टमनला एक, नदीला दुसरा.
चौगुल्यांचा गोठा एकोणचाळीस फूट.
भडंगवाल्यांचं गोदाम साडेत्रेचाळीस.
आम्ही बेचाळीस, पहिली पायरी.
बेचाळीस आणि चार इंच म्हणजे फ्रिज.

ऑगस्टात इथं कुणी ‘कसं काय’ विचारत नाही,
‘किती झालं?’ विचारतात,
आणि रात्री दोनला राँग नंबर लागला
तरी पलीकडचा माणूस फुटांतच उत्तर देतो.
माझ्या सासूला घड्याळ वाचता येत नाही.
क्युसेक कळतो.
कोयनेचे दरवाजे किती उचलले
ते ऐकून ती मिठाची बरणी माळ्यावर ठेवते,
मग देवघर. आधी मीठ.

पंचेचाळिसाला इलाहीनं लाल डबा मागितला.
पन्नासाच्या वर गेला तसं कठड्यावरचं बोलणं विरळ झालं.
मगरवालेसुद्धा इकडे वळले.
‘साहेब,’ त्यानं शिडीवरनं हाक दिली, ‘साठ काढू काय?’

साहेब फोनवर होते. बोट वर केलं, थांब म्हणून.
तेवढ्यात भूपाल अण्णा, टोपी काढून हातात घेतलेली,
‘नको रे बाबा. लिहिलं की पाणी वाचायला येतंय.’
‘आणि नाही लिहिलं तर येणार नाही होय, अण्णा?’
कॉलेजची एक पोरगी, सायकलवरनं न उतरता.
कुणी हसलं. कुणी तिला गप्प म्हणालं.
एकजण म्हणाला, एस्टिमेटात आहे तर काढायलाच पाहिजे.
एकजण म्हणाला, एस्टिमेटात गटारपण होतं.
मग सगळे गटारावर बोलायला लागले,
वीसेक मिनिटं, मोठ्या आवाजात, जरा सुटल्यासारखे.

शिडीवर इलाही तसाच. ब्रश टिपटिप गळतोय.
‘तुमचं ठरवा,’ तो म्हणाला, ‘माझं घर पस्तिसाला हाय.
मला साठ काय नि सत्तर काय.’

त्यावर कुणाला काही सुचलं नाही.
साहेबांचा फोन संपेना.
शेवटी त्यानं एक रेघ ओढली, आडवी, वीतभर,
आकड्याची जागा मोकळी ठेवून,
आणि खाली उतरून रॉकेलनं बोटं धुतली,
एकेक, नखांतून.
भाच्यानं विचारलं, ‘मामू, तिथं काय लिहायचं राहिलं?’
‘चहा पी,’ तो म्हणाला.

संध्याकाळी रमाला चौकटीशी उभं केलं.
पेन्सिलीच्या रेघांमध्ये एक रेघ तिची नाही,
तपकिरी, दारावरनं भिंतीवर निघून गेलेली.
दोनदा चुना दिला, दोनदा वर आली.
गेल्या वर्षी तिच्या कपाळाशी होती. आता नाकाशी.
‘मी जिंकतेय,’ रमा म्हणाली, टाचा उचलून.
‘टाचा खाली,’ मी म्हटलं.

कुठंतरी उसाचा फड पेटवला असावा,
दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुरभुर उतरत होती.
फुंकरीनं जाते, हातानं पुसली तर पसरते.
मी कपडे झटकत आत घेतले.