नख

मारियामपोलेत, जुन्या गाड्यांच्या बाजारामागं,
पत्र्याच्या गॅरेजात सकाळचे सहा अंश.
रिमगाउदासनं रंगाचे डबे स्टोव्हजवळ मांडलेत.
आधी रंगाला ऊब, मग माणसाला, असा त्याचा कायदा.

बेंचवर शववाहिनीची जाळी,
दारांच्या मुठी, दोन लांब पट्ट्या.
दिसायला धातू. टिचकी मारली
तर आवाज दह्याच्या रिकाम्या डब्याचा.

मालकीण याद्विगा. काळं करून द्या, म्हणाली, सगळं, मॅट.
कुणी विचारलं नव्हतं, तरी
हातमोजे काढता काढता सांगून टाकलं:
स्मशानाच्या फाटकाशी लोक गाडीला टेकून रडतात
आणि मुठींत त्यांना त्यांचीच तोंडं दिसतात,
आडवी ताणलेली, नाक भोपळ्याएवढं.
गेल्या मंगळवारी एक पोरगा हसला,
बापाच्या पेटीमागं उभा राहून.
आईनं त्याच्या थोबाडीत दिली.
मग तीही वाकली, तिनंही पाहिलं,
आणि तीही.
पुढं कुणी काय करायचं, कुणालाच कळेना.

मी त्याच रात्री रंग मारला. थेट क्रोमवर.
सकाळी जाळी अशी काळी, की मीच खूष.
रिमगाउदास आला, टोपीसुद्धा न काढता
एका कोपऱ्याला नख लावलं
आणि ओढलं.
दुधावरची साय निघावी तसा निघाला रंग,
अख्खा, एका पट्टीत,
खाली क्रोम जसंच्या तसं, निर्लज्ज.
पट्टी त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.
एवढंच. बोलला काही नाही.

मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण, दातांचा ब्रश.
जाळीच्या खाचांतून निघालं मेण,
रस्त्यावरचं मीठ, कसल्या तरी फुलाची पाकळी.
मग स्पिरिट. मग चारशेचा कागद, ओला,
आणि कोपऱ्यांना राखाडी घासणी,
कारण रंग सुटतो तो कोपऱ्यांतूनच.
पिवळट दिसलं की थांब, तो म्हणाला,
तांबं दिसलं तर फार खोल गेलास.
ओरखडे पाड. धरायला काहीतरी दे त्याला.

मुठीत मी होतो.
आधी माझं कपाळ गेलं, मग कान.
तोंड बराच वेळ राहिलं, धुक्यात बोलल्यासारखं.
दुपारी जेवायच्या सुमारास तेही पुसलं गेलं
आणि हातात राहिलं एक करडं, खडबडीत प्लॅस्टिक.

प्लॅस्टिकला धरणारा प्रायमर, अगदी विरळ,
आरशावर उसासा टाकावा इतकाच.
थांबायचं. पुन्हा एक.
मी घाई करतोय असं वाटलं की तो
माझ्या हातातली गन काढून घ्यायचा
आणि रेडिओवरचं हवामान ऐकायला लावायचा.
काळा रंग तिसऱ्या दिवशी.
त्यानंतर आठवडाभर नख लावायचं नाही.
आठवडाभर मी हात खिशात घालून हिंडलो.

याद्विगा आली तेव्हा रिमगाउदास बाजूला झाला,
मानेनंच मला म्हणाला, लाव.
लावलं. जोर दिला.
नख वाकलं, पांढरं पडलं, दुखलं.
रंग हलला नाही.
तिनंही लावून पाहिलं, तिची नखं चांगली मोठी.
मग मुठीपुढं वाकून, सवयीनं,
कपाळावरची बट सारखी केली.
तिथं काही नव्हतं. ती क्षणभर तशीच राहिली.

पैसे मोजताना म्हणाली,
तो पोरगा आला होता काल. पेटीचा शेवटचा हप्ता घेऊन.
गाडी कुठंय, विचारत होता.
दाखवता का, म्हणाला, एकदाच, पाच मिनिटं.

रिमगाउदासनं सुटे परत दिले.
दार उघडलं, गाडी मागं मागं निघून गेली,
काळी, एकसारखी, आमच्यातलं कुणी न घेता.

खिळ्यावरची पट्टी स्टोव्हच्या धगीनं हळूहळू फिरत होती.
एक बाजू मॅट. दुसरी, क्रोमला चिकटून राहिलेली,
अजून लख्ख.