खोली क्रमांक अकरा, ट्रेंटन

पहाटे बेयॉनहून निघालो तेव्हा बाबांनी
इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर
मोहिमेचा निळा टी-शर्ट चढवला होता.
दोन मापं मोठा. छातीवर छापलेलं:
जन्मठेप खुन्याला द्या, घटस्फोटिताला नको.
वाचून बघितलं, वरून जाकीट घातलं
आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

एकाहत्तर वर्षं.
बंदरातल्या क्रेनचे गिअर खोलून, बसवून
गुडघे कामातून गेलेले.
निवृत्तीचा अर्ज तीनदा भरला, तीनदा फाडला.
कोर्टाच्या एकोणीस वर्षांपूर्वीच्या कागदावर
पोटगी: दर एक तारखेला अकराशे डॉलर,
आणि मुदतीच्या रकान्यात एकच शब्द,
कायम.

बसमध्ये डोरीन होती, बाबांची... काय म्हणू?
लग्न केलं तर तुझाही पगार हिशेबात धरतील,
असं कुणीतरी तिच्या कानावर घातलेलं,
म्हणून बारा वर्षं ती शेजारीणच.
तिने सगळ्यांना उकडलेली अंडी वाटली,
मिठाच्या पुड्या वेगळ्या.
माझ्या मांडीवर सह्यांची फाइल,
चार हजार दोनशे सोळा.
त्यातली एक माझी.
हे आईला माहीत नव्हतं.

खोली क्रमांक अकरा. माणशी तीन मिनिटं.
टेबलावर बोटभर दिवा: हिरवा, पिवळा, लाल.
बाबांचं भाषण विजेच्या बिलाच्या पाठीवर.
पहिलं मिनिट आभारात गेलं.
दुसरं चष्मा शोधण्यात.
पिवळा लागला तेव्हा म्हणाले,
"द्यायला माझी ना नाही.
फक्त तारीख सांगा.
क्रेनवरसुद्धा पाटी असते,
किती वर्षं ओढायचं त्याची."

मग पुकारा झाला:
लोरेटा ग्रुशका, विधेयकाच्या विरोधात.
आडनाव तिने ठेवलेलं, बदलायला पैसे पडतात म्हणून.
खुर्चीच्या कडेवर बसली, पर्स घट्ट धरून,
जशी स्टॉपवर बसते.
हातात कागद नव्हता.
"नर्सिंगचं एकच वर्ष उरलं होतं. मग ही झाली,"
आणि मागे वळून बोट दाखवलं
निळ्या शर्टांच्या रांगेत बसलेल्या मला.
"मग दोन मुलगे. सव्वीस वर्षं रात्रपाळीचा डबा.
तेव्हा मला कुणी तारीख सांगितली नव्हती.
उद्या यांनी काम सोडलं
तर माझ्या हीटरचं बिल कोण भरणार,
एवढं लिहून द्या, मी सही करते."
उठली तेव्हा दिवा हिरवाच होता.

सुट्टीत कॉरिडॉरमधलं कॉफीचं यंत्र
बाबांची चुरगळलेली नोट
पुन्हा पुन्हा बाहेर ढकलत होतं.
आईने पर्स उघडली, नाणी टाकली,
न विचारता बटण दाबलं:
दूध नको, साखर दुप्पट.
"तुझेच आहेत," म्हणाली.
बाबा हसले. मग हसू आवरलं,
खांबापाशी डोरीन उभी होती.

विधेयक पुढच्या अधिवेशनावर गेलं.
अध्यक्षांनी ते अशा आवाजात सांगितलं
की दंतवैद्याची वेळ बदलतायत.
पायऱ्यांवर फोटोसाठी घोषणा झाल्या,
बाबांनी चेन अर्धीच उघडली,
फोटोत फक्त 'जन्मठेप' आलंय.

बसमध्ये सतरा जागा रिकाम्या होत्या.
आई म्हणाली, "त्या बसमध्ये? मी गाडीने जाते."
स्टेशनपर्यंत मी तिच्याबरोबर चालले.
अर्ध्या वाटेत तिने विचारलं,
"तू सही केलीस?"
"केली."
पुढे सिग्नल लागला. आम्ही थांबलो.
गाड्या नव्हत्याच, तरी थांबलो.

"आज सत्तावीस ना?" ती म्हणाली.
"त्याला सांग, चेक टाकायला
बर्फातून पोस्टापर्यंत जाऊ नकोस म्हणावं.
जिना बघितलायस ना तिथला?
तूच आणून दे मला. एक तारखेला.
दोन नको."