लाकडी हातोडी

भोंडवे मॅडम झाडाला आधी हात लावत नाहीत.
चपला काढून बाजूला ठेवतात,
पेव्हर ब्लॉक संपतात तिथल्या वीतभर मातीवर उभ्या राहतात
आणि विचारतात, "याला पाणी कुठून मिळतं रे, एकनाथ?"
मी गटाराकडे बोट दाखवतो.

एरंडवण्यातलं नांद्रुक. पत्र्याचा नंबर ठोकलेला,
खिळ्याभोवती साल सुजलेली.
खाली गोरखचं इस्त्रीचं टेबल,
त्याला लागून शाळेच्या व्हॅन थांबतात.
सोसायटीच्या अर्जात एकच शब्द अधोरेखित: धोकादायक.
पालिकेला हवं होय किंवा नाही.

बुंध्याला दक्षिणेकडून पाच आळंब्या,
नुकतं पॉलिश मारल्यासारख्या,
कडेला पांढरी ओली किनार.
"वाढतीय अजून," मॅडम म्हणतात,
कपाळावर हात ठेवून आत्या म्हणायची ना,
"आहे थोडा," तसं.
आळंबीची तपकिरी पूड गोरखच्या घडी घातलेल्या शर्टांवर.
तो रोज झटकतो.
त्याला वाटायचं, समोरच्या बांधकामाची धूळ.

मी पूर्वी कापायचो.
कोथरूडपासून येरवड्यापर्यंत, फांदीमागे पैसे.
करवत आत गेली की कळायचं लाकूड खरं किती, खोटं किती,
पण तोवर झाड आडवं.
मॅडमनी ही हातोडी दाखवली, म्हणाल्या,
"कापायच्या आधी विचार."
झाडाला विचार, की आपला आपण विचार कर,
सात वर्षं झाली, मला कळलेलं नाही.

आता त्या ठोकतात, वीतभर अंतरावर एकेक ठोका,
आणि माझ्याकडे बघतात.
डावा कान दिवाळीतच गेला. उजवा चाललाय.
यंत्र लावलं की म्हणे फक्त रिक्षा ऐकू येतात.
शेतकी कॉलेजात छत्तीस वर्षं
ज्यांनी पोरांना ऐकायला शिकवलं, त्यांना मी सांगतो:
भरीव.
भरीव.
मडकं.
मडकं.
त्या खडूने खूण करतात. खुणा जोडल्या
तर बुंध्यावर दार उमटतं, माणूस वाकून आत जाईल एवढं.

एकदा वाटलं, भरीव सांगून टाकावं.
त्यांना कुठे कळणार होतं.
पण साडेबाराची व्हॅन आली,
एका पोराच्या गळ्यात रिकामी बाटली खडखडत होती.
"मडकं, मॅडम," मी म्हणालो. जरा मोठ्याने.

मग दोर टाकून वर गेलो, बेचक्यापर्यंत.
पोकळीत बॅटरी मारली, हात घातला कोपरापर्यंत:
माती. चहाच्या चोथ्यासारखी काळी, किंचित उबदार.
आणि त्या मातीत मुळं. दुसऱ्या कुणाची नाहीत, याचीच,
वरून आतल्या आत सोडलेली,
स्वतःच्याच कुजलेल्या गाभ्यात पोट भरायला उतरलेली.
मी बराच वेळ हात बाहेर काढला नाही.

फरीदा इनामदार खालून बाटल्या पाठवते,
मी भरून देतो, ती तारीख लिहिते, वेळ लिहिते.
"यातले कोण कोण आहेत?" मी विचारतो.
"बशीत वाढतात त्यांना ओळखते. मूठभर.
बाकीचे बोलावलं तरी येत नाहीत,
पण सगळं घर तेच चालवतात."
बाटली ती छातीशी धरून नेते,
बर्फाच्या डब्यात सावकाश ठेवते.

मॅडम मांडीवर फॉर्म घेऊन बसल्या.
होय-नाहीच्या खाली, समासात, बारीक अक्षरात:
पश्चिमेच्या दोन फांद्या उतरवणे. ब्लॉक उखडणे.
व्हॅन पलीकडे. सहा महिन्यांनी पुन्हा ठोकून बघणे.
कुणी ठोकायचं, ते लिहिलं नाही.
पेन टोपणात घातलं आणि हातोडी माझ्या पिशवीत.

गोरख इस्त्री आडवी ठेवून केव्हाचा उभा होता.
"वाचेल का?" त्याने विचारलं.
मॅडम चपला घालत होत्या. "काय म्हणतोय तो?"
शर्टाला जळका वास यायला लागला होता.
मी म्हणालो, "टेबल कुठे हलवू, विचारतोय."
"उत्तरेला, म्हणावं," मॅडम म्हणाल्या,
"आणि फार लांब नको."