दोन अक्षरं

डा-डि-डा. डि-डा-डिट.
के आणि आर.
एकाचं उलटं केलं की दुसरं होतं,
हे माझ्या लक्षात यायला नऊ वर्षं लागली.
तोवर मी नुसती खांबावरचं मीठ पुसत होते,
हिवाळ्यात तारांवरचा बर्फ काठीनं झोडत होते,
महिन्यातून एकदा डिझेल मोजत होते.

फियोर्डच्या तोंडाशी, डोंगराच्या खांद्यावर
पत्र्याची खोली, उंच खांब, भोवती कुंपण.
एवढंच आमचं दीपगृह, बिनदिव्याचं.
ढगात शिरलेल्या विमानाला ते दिसायचं नाही,
ऐकू यायचं.
आतली सुई मग मान वळवायची आमच्याकडे,
नावानं हाक मारल्यावर गाय वळवते तशी.

"सुईवर भाळायचं नाही," केटिल म्हणायचा.
टपालाचं विमान घेऊन यायचा तो, मंगळवारी आणि शुक्रवारी,
आणि हवा उघडेपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात अडकायचा.
कप म्हणजे मी, चमचा म्हणजे तो,
आणि टेबलावरची साखर फुंकून उडवली, तो आडवा वारा.
"नाक सारखं कपाकडे धरलं तर वारा ढकलत नेतो.
बाक घेत घेत पोचतो मी, पोचतो खरा,
पण त्या बाकात डोंगर आहे का,
ते सुई सांगत नाही.
सरळ यायचं तर नाक थोडं वाऱ्यात घालायचं,
जिथं जायचं तिथून जरा बाजूला बघायचं."

"आणि डोक्यावर आलास की?"

"की ती भांबावते. क्षणभर काहीच नाही.
मग गर्रकन शेपटीकडे फिरते.
पोचलो, हे तिला मागे वळूनच कळतं."

दिवस बुडताना ती खोटं बोलते, हेही त्यानंच सांगितलं.
आमचाच आवाज आभाळावर आपटून
वाकडातिकडा त्याच्यापर्यंत जातो म्हणे.

सप्टेंबरात पत्र आलं. उपग्रह पुरेसे आहेत.
चौदा तारखेला, दुपारी बारा वाजता, बंद.
मी बारा वाजून चार मिनिटांनी केलं.
चार मिनिटं कुणासाठी, कुणी विचारलं नाही.
खटका ओढला तेव्हा आर अर्धाच झाला होता.
डि-डा

संध्याकाळी खालच्या शेतावरून गुदलोइगचा फोन.
हवामानाच्या बातम्यांमागे कुणीतरी कुरकुरायचं,
ते मेलं का?
हो म्हटलं.
बरं झालं, म्हणाली, आणि फोन ठेवेना.

एयोल्फुर कुंपण मागायला आला, मेंढ्यांसाठी.
देऊन टाकलं. तार चांगली होती, खिळेसुद्धा.
खांब अजून उभा आहे; पाडायचा खर्च
कुणाच्या खात्यातून, ते ठरत नाहीये.
मंगळवारी वरून विमान गेलं,
वळलं नाही, चुकलं नाही.

मी उतरले. वारा डावीकडून, समुद्रावरचा, खारट.
घर समोर दिसत होतं.
मी ते जरा उजव्या हाताला ठेवून चालत राहिले.