रिकाम्या जागेचे चौदा आकडे

मांगोर हिलवरची खोली, रात्रीचे पावणेदोन.
संगणक पुन्हा तेच म्हणतो:
या घटकाची उष्मागतिक माहिती सापडली नाही.

घटक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.
हवेतला नव्हे, हवेतल्याची पत्रिका
कुठल्याही कोष्टकात मिळते.
हा प्लॅटिनमवर येऊन बसलेला,
कार्बन खाली, ऑक्सिजन वर,
एका पायावर उभ्या बगळ्यासारखा.
बसलेल्याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही.

चौदा आकडे हवेत.
हजार केल्विनच्या खालचे सात, वरचे सात.
पाच उष्माधारकतेचं वळण सांगणारे,
सहावा एन्थाल्पीचा, सातवा एन्ट्रॉपीचा,
आणि ऐंशीव्या रकान्यात ओळीचा क्रमांक.
एक जागा सरकली
की पुढचं सगळं आडवं.

मी शून्यं भरली होती.
सगळेच भरतात. विक्रिया एकाच दिशेला पळणार असतील,
तापमान खुंटीला बांधलेलं असेल,
तर शून्याला कोणी विचारत नाही, तू कुणाचा.
संगणक गप्प बसला. आलेख उतरला
सुंगटाच्या पाठीसारखा सुबक.

वेर्ण्याच्या कारखान्यात कुलासो सरांनी
चष्मा कपाळावर सारून तो खिडकीशी धरला.
जाळीदार विटेवर बोट ठेवलं, कागदावरच्या.
‘पहिले चार सेकंद बघ, सुलक्षा.
वायू येऊन बसतोय आणि वीट गार पडतेय.
येऊन बसणारा ऊब देतो, बाई.
तुझा हा कसला पाहुणा?’

पाहुणा माझाच होता.
हवेत असताना वजा एकशे साडेदहा,
बसताच शून्य:
तेवढा चढ त्याने विटेकडून उसना घेतला
आणि मी सही केली.

म्हणून आज जागी आहे.
कुणीतरी कधीतरी प्लॅटिनम हळूहळू तापवून
तो कधी उठतो ते पाहिलं होतं:
एकशे छत्तीस किलोज्यूल.
म्हणजे वजा दोनशे साडेसेहेचाळीस.
अर्थात एकटा असताना. शेजारी वाढले
की पकड सैल होते, ते वेगळं लिहायचं.

एन्ट्रॉपीला जास्त वेळ लागला.
हवेत त्याला सहा वाटा होत्या:
तीन धावायच्या, दोन गरगरायच्या,
एक जागच्या जागी थरथरायची.
बसल्यावर वाटा सहाच,
पण सगळ्या थरथरायच्या.
एकेका थरथरीची वारंवारता शोधत
मी साडेतीनपर्यंत आले.

तेवढ्यात नवी तक्रार. रिकाम्या जागेचीही माहिती द्या.

रिकाम्या जागेची?
जिथे कोणीच नाही, तिची कसली उष्णता?

खाली एर्मेलिंदबाय सकाळी खुर्च्या पुसते.
बंदरावरचा कोळसा रात्रभर येऊन बसतो,
पायरीवर, क्रुसावर, माझ्या कळपाटीवरसुद्धा.
चार खुर्च्या. तिघे माणसं.
चौथी कायतानची. बार्जवर होता तो.
एकदा मी म्हटलं, ती कशाला रोज?
फडकं न थांबवता म्हणाली,
‘बसपी ना म्हण कदेल ना जाता व्हय?’

मी रिकाम्या जागेच्या चार ओळी उघडल्या
आणि शून्य लिहिलं. मग आणखी एक.
चौदा शून्यं, रकाने मोजून, सावकाश.
आकडे तेच, गेल्या महिन्यातले.
पण ही शून्यं खरी होती.
उरलेले सगळे इथूनच मोजायचे,
कोण किती खोल बसला, कोण किती वरवर.

फाइल चालवली.
वीट पहिल्या सेकंदाला किंचित तापली.

मग थांबली:
हायड्रॉक्सिल, पृष्ठभागावरचा. माहिती सापडली नाही.
याला तर कोणी धड मोजलेलंच नाही,
दोन प्रबंध, दोन आकडे, चाळीसचा फरक.

पावाची सायकल भोंपू वाजवत चढ चढतेय.
चहा ठेवते.