पाव फेरा

जेवणाच्या सुट्टीत डबा ड्रॉवरमध्ये तसाच ठेवून
मी गिटार घेऊन महावितरणच्या फाटकातून निघते.
शिपाई गोफणे विचारतो, "मुलाची?"
"हो," म्हणते.
मला मुलगा नाही.

रास्ता पेठेत, ऑफिसपासून तिसऱ्या गल्लीत
दिलावरभाईंचं दुकान, म्हणजे एक जिना,
जिन्याखाली टेबल, टेबलावर काच,
आणि भिंतीला टांगलेल्या, धड नसलेल्या माना.

मूळचे मिरजेचे. वडील तंबोऱ्यांना जवारी लावायचे,
घोडीवर सुताचा धागा केसभर सरकवत
सूर फुलेपर्यंत.
"त्यांनी तारेत झणकार घातली,
मी पस्तीस वर्षं ती काढतोय.
गिटारवाल्यांना खरखर चालत नाही."

माझी गिटार ते बंदुकीसारखी धरतात,
एक डोळा मिटून मानेवरून नेम घेतात.
"मे महिना खाल्लाय हिनं. पाठीमागे वाकलीय."
एक बोट पहिल्या पडद्यावर, दुसरं शेवटच्या,
मध्ये तारेवर टिचकी. फट नाही.
मग मानेतल्या सळईला चावी लावून
पाव फेरा.
आवळतील असं वाटलं होतं.
सैल केला.
"लगेच विचारू नका. लाकडाला कळायला रात्र लागते."

"तारा नऊच्या की दहाच्या?"
इंचाचे हजार भाग, त्यातले नऊ, त्यातले दहा.
दिवसभर मी लोकांची युनिटं मोजते,
तरी दोन्ही तारा चिमटीत धरून
मला काही कळलं नाही.
"ॲम्प कुठला आहे?"
"नाहीये."
"इलेक्ट्रिक आहे ही, मॅडम."
"माहीत आहे."

विश्रांतवाडीच्या पोराकडून घेतली, साडेसात हजारांना.
तो जर्मनीला चालला होता,
ॲम्प त्यानं आधीच कुणाला तरी विकला.
मी वाजवते ती रात्री साडेअकरानंतर, स्वयंपाकघरात,
फ्रीजची घरघर थांबते तेवढ्या वेळात.
ती पुन्हा सुरू झाली की बोटं तिथंच थांबवून बसते.

"आणि तुम्ही नोकरीला वीज खात्यात,"
असं म्हणून ते इतके हसले
की चावी घरंगळत जिन्यामागे गेली.

शोधून वर आले तेव्हा हसत नव्हते.
नऊचं पाकीट परत ठेवलं.
"मग हिला जरा उंच ठेवू. दहाच्या तारा.
सगळी पोरं म्हणतात खाली घ्या, अजून खाली, लोण्यासारखी.
तुमची हवेतच वाजायचीय.
बोटं दुखतील."
"दुखू देत."

नख्यांची बरणी काचेवर उपडी केली.
पातळ वाजली पंख्याच्या पात्याला कागद अडकावा तशी,
जाड काळी मुकी, कोटाच्या बटणासारखी.
एक मिलिमीटरची, करवंदाच्या चिकासारखी पांढरट,
तारेवरून निघताना थोडं अडते,
तीच मला आवडली.
"तीन घ्या. दोन हरवतात.
कुठं जातात विचारू नका,
पस्तीस वर्षांत मला एकही परत सापडलेली नाही."

बाराव्या पडद्यावर सूर जुळवताना
एक एक स्क्रू, एक एक तार,
खर्जाची तेवढी सातव्यावर झणाणत राहिली.
ते कानस उचलायला वळले.
"राहू द्या ती," मी म्हटलं,
"अंधारात मला तेवढीच नीट ऐकू येते."

दिलावरभाईंनी कान लाकडाला टेकवला,
मला पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा.
मग कानस ठेवली
आणि पैसे पन्नास कमी सांगितले.

दोन वाजता खिडकीसमोर
बिबवेवाडीचे एक आजोबा, हातात बिल:
"घर बंद, मीटर फिरत नाही, तरी हे येतं कुठून?"
मी ग्राहक क्रमांक विचारते.
टाइप करताना डाव्या हाताच्या बोटांवर
तारांच्या तीन रेघा कीबोर्डला लागतात.
उजवा हात पर्समध्ये.
नख्या दोनच.